मूळ गायक गेला म्हणजे बँड संपला?

‘मूळ गायक गेला की हेवी मेटल बँड संपतो, पुढचे अल्बम ही जुन्या नावावरची कमाई असते,’ अशा आशयाचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. माझा भाचा नुकताच हे संगीत ऐकू लागला आहे. तो संदेश वाचून त्याने ब्लॅक सॅबथ या बँडचे, मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्यानंतरचे सगळे अल्बम न ऐकताच बाजूला सारले, म्हणून हे लिहावे लागत आहे. नवा गायक जुन्याची नक्कलच करतो, बँडने नावच बदलावे आणि गायक बदलल्यावर यश मिळत नाही, असेही त्या संदेशात म्हटले आहे.

मूळ गायकाशिवाय कोणत्याही बँडने उत्तम अल्बम केलेला नाही, हा संदेशातला मुख्य दावा आहे आणि त्याच्या पुराव्यादाखल आयर्न मेडनचे ‘मूळ गायक’ म्हणून ब्रूस डिकिन्सन यांचे नाव दिले आहे. डिकिन्सन मूळ गायक नव्हेतच. 1980 आणि 1981 चे पहिले दोन अल्बम पॉल डिआनो यांनी गायले; डिकिन्सन त्यानंतर आले आणि 1982 चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला मेडनचा पहिला अल्बम ठरला. ज्या उदाहरणावर सारा दावा उभा आहे, तेच उदाहरण त्याच्या विरोधात जाते. पँटेरा या बँडचेही तसेच आहे: ज्यांच्या आवाजाने तो गाजला ते गायक फिल अँसेल्मो येण्यापूर्वी त्याचे तीन अल्बम निघाले होते.

सॅबथविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. 1979 मध्ये ऑझी यांना काढल्यावर रॉनी जेम्स डिओ आले आणि 1980 मध्ये ‘हेवन अँड हेल’ आला. दोघांमधला फरक गिटारवादक टोनी आयोमी यांनीच सांगितला आहे: ऑझी रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चालीच्या, मागोमाग गात, तर डिओ रिफला छेद देऊन गात, आणि त्यामुळे गाणी रचण्याची एक नवी वाट मिळाली. ऑझी यांच्या काळातले ‘आयर्न मॅन’ ऐकले तर गाण्याची चाल आणि गिटार एकाच रेषेत चालताना स्पष्ट ऐकू येतात. ‘हेवन अँड हेल’च्या शीर्षकगीतात गिटार आपल्या जागी राहते आणि आवाज तिच्यावर स्वतंत्र चाल उभी करतो. शब्दही बदलले, कारण पूर्वी बरेचसे शब्द बासवादक गीझर बटलर लिहीत, ते काम आता डिओ यांच्याकडे आले. गायक बदलल्याने रचनाच बदलली आणि त्या बदलातून बँड पुन्हा उभा राहिला.

नवा गायक जुन्याची नक्कल करतो, या आरोपात थोडे तथ्य आहे. जूडस प्रीस्ट या बँडमध्ये गायक रॉब हॅल्फर्ड यांच्या जागी आलेले टिम ओवेन्स पूर्वी प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या बँडमध्ये होते. पण ओवेन्स यांनी गायलेला 1997 चा अल्बम ‘जगुलेटर’ ऐकला तर तो जुन्या प्रीस्टपेक्षा किती तरी अधिक कर्कश आणि जड आहे. तो आवडो वा न आवडो, त्याला नक्कल म्हणता येणार नाही.

बँडने नावच बदलावे, या मागणीवर फार बोलण्यासारखे नाही. आयोमी, बटलर आणि डिओ यांनी 2006 नंतर ‘हेवन अँड हेल’ हे नाव घेतले ते स्वतःच्या इच्छेने. 1980 च्या अल्बमवर ब्लॅक सॅबथ हेच नाव आहे.

उरतो यशाचा मुद्दा, आणि तो अर्धा मान्य करावाच लागतो. मेडनचा 1992 चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. डिकिन्सन यांच्या जागी आलेल्या ब्लेझ बेली यांच्या काळातले 1995 आणि 1998 चे अल्बम अनुक्रमे आठव्या आणि सोळाव्या क्रमांकापर्यंतच गेले. मात्र त्याचे सारे खापर बेली यांच्यावर फोडणे अन्यायाचे आहे. ग्रंज या नव्या रॉक प्रकाराच्या लाटेनंतर जुन्या मेटलचा श्रोताच कमी झाला होता आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ 1990 मध्येच बँड सोडून गेले होते. बेली यांचा आवाज खालच्या पट्टीतला. डिकिन्सन यांच्या तार सप्तकातल्या गाण्यांसाठी तो नव्हताच. त्या आवाजासाठी रचलेली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ ही गाणी मात्र टिकली: बेली गेल्यानंतर, जानेवारी 2001 मध्ये रिओच्या मैफिलीत, बँडमध्ये परतलेल्या खुद्द डिकिन्सन यांनी ती दोन्ही गायली.