राखून ठेवलेला वेळ

माझा एक जुना वर्गमित्र आज नावाजलेला पोटविकारतज्ज्ञ आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतः लिहिलेला एक लेख मला वाचायला पाठवला. त्याचे म्हणणे असे की, जिथे बाह्यरुग्ण विभागाची रांग दुपार टळली तरी संपत नाही, तिथे तरुण डॉक्टरांना वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत बसवणे ही चैन आहे. पदव्युत्तर प्रबंध बहुतेक जण उरकूनच टाकतात, तेव्हा तो रद्द करावा. आणि ज्यांना खरोखर संशोधन शिकवावे, ते परदेशी निघून जातात. मी अमेरिकेत संशोधन करतो, तेव्हा शेवटचे वाक्य मला उद्देशून आहे, हे मला समजले. पण ‘चैन’ हा शब्द त्याहून जास्त झोंबला.

ती रांग लहान कशाने होते, याचा विचार त्या लेखात कुठेच नाही. बॅरी मार्शल १९८१ मध्ये पर्थच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होते. प्रशिक्षणाचा भाग म्हणून त्यांना एक संशोधन-प्रकल्प हवा होता, आणि त्याच रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत वाकडे जिवाणू सतत दिसत होते. ते जिवाणू वाढवून पाहण्याचे प्रयत्न सुरू झाले. जिवाणू वाढवायच्या प्लेटा दोन दिवसांत टाकून द्यायची रीत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेला दिसला. अल्सरच्या मुळाशी बहुतेकदा हाच जिवाणू असतो हे कळल्यावर, वर्षानुवर्षे आम्ल कमी करणारी औषधे घेणाऱ्या कितीतरी रुग्णांना पुढे थोड्या दिवसांच्या प्रतिजैविकांनी बरे करता येऊ लागले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. माझा मित्र ज्याला उरकण्याचे काम म्हणतो, तसल्याच एका शिकाऊ प्रकल्पातून हे निघाले.

इकडे असा वाद मी वीस वर्षांत ऐकलेला नाही. माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतील तरुण डॉक्टर के-०८ वर, म्हणजे डॉक्टरांना संशोधक म्हणून घडवण्यासाठीच्या सरकारी अनुदानावर आहे. तिचा ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखलेला आहे आणि विभागप्रमुखांनी तसे अर्जासोबतच लिहून दिलेले आहे. आठवड्यातून एक दिवस ती एंडोस्कोपी करते, उरलेले दिवस रुग्णांच्या आतड्यांच्या नमुन्यांतून ऑर्गनॉइड, म्हणजे आतड्याची चिमुकली प्रतिरूपे, वाढवते. पहिले जवळजवळ वर्षभर ऑर्गनॉइड मरतच होते, तरी तिला कोणी वॉर्डात परत बोलावले नाही.

या राखलेल्या वेळात नेमके काय शिकले जाते, ते माझ्या स्वतःच्या चुकीवरून सांगतो. इकडे आल्यावर दुसऱ्या वर्षी माझी खात्री झाली होती की, एक विशिष्ट जनुक काढून टाकलेल्या उंदरांना कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, कमी होतो. आठ महिन्यांच्या नोंदी होत्या, आलेख सुबक होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला: हे उंदीर आणि तुलनेसाठी घेतलेले उंदीर सख्खी भावंडे होती का, एकाच पिंजऱ्यात वाढली होती का? नव्हती. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची वस्ती सारखी होत जाते. मी जनुकाचा म्हणून मोजत होतो, तो फरक पिंजऱ्याचा होता. भावंडे घेऊन प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक नाहीसा झाला. असा प्रश्न पुस्तक वाचून सुचत नाही. तो विचारणारे माणूस शेजारी असावे लागते, आणि आठ महिने वाया गेले तरी आपली जागा जाणार नाही, एवढी शाश्वती असावी लागते. आपल्याकडे प्रबंध उरकले जातात ते या दोन गोष्टी नसल्यामुळे. जे कधी नीट शिकवलेच नाही, ते निरुपयोगी ठरवून रद्द करायचे, हा न्याय मला मान्य नाही.

मित्राला उत्तर लिहिताना मी कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांचे उदाहरण घेतले. त्यांनी लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्याकडे पीएच.डी. केली आणि पुढे कोलकात्यात सशाच्या आतड्याचा भाग दोऱ्याने बांधून, त्यात कॉलऱ्याच्या जिवाणूंच्या वाढीतून गाळलेला जिवाणूविरहित द्रव टाकून, आतड्यात पाणी साठवणारे विष त्या द्रवातच असते, हे १९५९ मध्ये दाखवले. उपकरणे साधी होती, प्रश्न मांडण्याची शिस्त पक्की होती. एवढे लिहून मी थांबलो, कारण त्याच उदाहरणात मित्राचेही उत्तर होते. डे १९४९ मध्ये पदवी घेऊन परत गेले. मी गेलो नाही.

आणि ज्या व्यवस्थेचे मी गोडवे गातो, तिनेही मला आपले म्हटले नव्हते. टी-३२ या सरकारी संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमातली जागा नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते. माझ्या बरोबरीच्या तिघांना ती होती. मी तात्पुरत्या व्हिसावर, बाईंच्या अनुदानातून पगार घेणारा. त्या कार्यक्रमाच्या शुक्रवारच्या चर्चासत्राला मी मागच्या रांगेत बसायचो. कोणी अडवले नाही, पण प्रशिक्षणार्थी म्हणून जी नावे अहवालात जात, त्यांत माझे नसे. तिकडे मी निघून गेलेला, आणि इकडे न मोजलेला. मित्राच्या त्या एका शब्दाने मला एवढा राग का यावा, याचे कारण बहुधा इथेच आहे: हे शिक्षण तिकडे मिळाले असते तर मी गेलोच नसतो, असे मला मानावेसे वाटते. ते पूर्ण खरे नाही.

आज मी त्याच कार्यक्रमाच्या निवड समितीवर आहे. दर हिवाळ्यात अर्ज येतात, त्यांत आपल्याकडच्या मुलामुलींचेही असतात. टी-३२ ची जागा त्यांना देता येत नाही. म्हणून अर्ज उघडण्याआधीच मी सहकाऱ्यांना विचारून ठेवतो की, कोणाच्या अनुदानातून एखादा पगार निघेल का. आणि जे येतात, त्यांना शुक्रवारी पुढच्या रांगेत बसायला सांगतो.