गुरुजी, त्या पुलाबद्दलच बोलू

गुरुजी, नमस्कार. देवगडहून पाठवलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस याला वीरांच्या दफनभूमीत पुरलं त्यावर मी लिहिलं होतं, ते तुम्हाला रुचलं नाही. तुमचं म्हणणं असं: ‘मरणान्तानि वैराणि’, मरणाबरोबर वैर संपतं, हे प्रत्यक्ष रामाचे शब्द, मग मेलेल्याचा पिच्छा कशाला? त्याने पूल बांधले, रस्ते केले, ते तुम्हाला दिसत नाहीत? आणि तिथल्या जनतेने त्याच्या मुलाला निवडून दिलंय, तर रत्नागिरीत बसून त्यांना अक्कल शिकवणारे तुम्ही कोण?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘लोकांना भुलवलं’ असं मी सरसकट लिहायला नको होतं. २०२२ मध्ये धाकट्या मार्कोसला तीन कोटींहून जास्त मतं पडली, ती सगळी भुललेल्यांची नसणार. मी बोटीवर नोकरीला होतो तेव्हा आमचा चीफ कुक इलोकोसचा, म्हणजे मार्कोसच्याच मुलखातला. १८ नोव्हेंबर २०१६ ला दफन झालं, त्या रात्री त्याने मेसमध्ये पान्सित केलं. त्यांच्याकडे वाढदिवसाला करतात त्या शेवया. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि ते खोटं नव्हतं.

समारचा एक ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेल-वंगण बघणारा खलाशी, मात्र त्या शेवयांना शिवला नाही. आमची बारा ते चारची वॉच, म्हणजे पाळी, एकत्र असायची. त्या रात्री इंजिनात मी सहज विचारलं, तर बोलला काहीच नाही. रंगाचे दोन रिकामे डबे हातभर अंतरावर ठेवले, वर लांब पान्हा आडवा टाकला आणि म्हणाला, “सान हुआनिको.” मला वाटलं, पूल दाखवतोय. समार आणि लेयते ही दोन बेटं जोडणारा हा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे आणि १९७३ मध्ये इमेल्डा मार्कोसच्या वाढदिवशी खुला झाला. तुम्ही म्हणता तसाच, मार्कोसने बांधलेला. मग त्याने पान्ह्याच्या मध्यावर बूट टेकवला. मार्कोसने लादलेल्या लष्करी कायद्याच्या काळात कोठडीत एका छळालाही हेच नाव होतं. माणसाचं डोकं एका खाटेवर, पाय दुसऱ्या खाटेवर, मधलं अंग अधांतरी. अंग खाली झुकलं की मार. त्याच्या मामाने हा पूल अंगावर काढला होता.

तेव्हा पूल मला दिसतो, गुरुजी. दोन्ही दिसतात. त्यांचं कर्जही दिसतं. मार्कोस सत्तेवर आला तेव्हा देशाचं परदेशी कर्ज एक अब्ज डॉलरच्या आत होतं, सत्ता गेली तेव्हा पंचवीस अब्जांच्या वर.

आता रामाचं. रामाने बिभीषणाला रावणाचा अंत्यसंस्कार करायला सांगितलं. अयोध्येत त्याचं स्मारक बांधायला सांगितलं नाही. मार्कोस १९८९ मध्ये परागंदा असताना होनोलुलूला वारला, १९९३ मध्ये शव बाताकला, त्याच्या गावी आलं. तिथे पुरायला कुणाची आडकाठी नव्हती. घरच्यांनी ते काचेच्या पेटीत थंड करून ठेवलं, वीस वर्षांहून जास्त, कारण त्यांना मूठमाती नको होती, तोफांची सलामी हवी होती. ती मिळाली. आणि ज्या सरकारने दिली त्याच सरकारी दप्तरात २०१३ चा कायदा आहे: छळ झालेल्यांना भरपाई, तीही मार्कोसच्या स्विस बँकेतून परत आलेल्या पैशातून. ११,१०३ जणांचे दावे मान्य झाले. एका कपाटात त्यांची यादी, दुसऱ्यात वीराचा मान. यात वैर कुठे आलं? मी हिशेब विचारतोय.

तुम्ही इतिहास शिकवलात म्हणून घरचंच उदाहरण देतो. थिबा राजा, इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. मीही पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवतो, १९१० चं बांधकाम, सागवानी लाकूड, खालची खाडी, आणि ‘बिचारा, मायदेशाच्या आठवणीत १९१६ मध्ये इथेच गेला’ म्हणत सुस्कारा टाकतो. त्याच्या राज्याच्या सुरुवातीलाच, १८७९ मध्ये, मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातले सत्तर-ऐंशी जण मारले गेले. करवून घेणारी सासू आणि प्रधान असतील, पण गादी त्याची राखायची होती. हे पाहुण्यांना मी एकदाही सांगितलेलं नाही. इंग्रजांनी त्याचं राज्य गिळलं हा अन्याय होताच, पण आपली दया स्वस्त आहे ती मेलेले आपले नव्हते म्हणून. फिलिपिन्समध्ये ज्यांचे होते, ते अजून हयात आहेत.

त्या ऑइलरचा अधूनमधून फोन येतो. बोटीवरून साइन ऑफ झाला, म्हणजे सुट्टीवर निघाला, की विमानाने लेयतेवरच्या टॅक्लोबानला उतरतो आणि तिथून गाडीने समारला, म्हणजे त्याच पुलावरून. मी एकदा विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, पूल मजबूत आहे, पण मामा जिवंत होता तोवर बोटीनेच जायचा.