ताप आहे? मग येऊ नका

आजारी मूल डॉक्टरला दाखवणं ही एरवी लेख लिहावा अशी गोष्टच नाही. मूल कडेवर घ्यायचं, दवाखान्यात जाऊन बसायचं, तिथल्या इतर मुलांचे आजार फुकटात बरोबर घ्यायचे आणि घरी यायचं. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि हा सगळा व्यवहार उलटा फिरला. दवाखान्याच्या दारावर कागद लागला : ‘ताप, सर्दी, खोकला असल्यास आत येऊ नये.’ तोही लहान मुलांच्या दवाखान्यावर! न्हाव्याच्या दुकानावर ‘केस वाढलेल्यांनी आत येऊ नये’ अशी पाटी लावण्यातला प्रकार. लहान मुलाला डॉक्टरकडे नेण्याची कारणं मोजून चार : ताप, सर्दी, खोकला आणि नाकात घातलेला मणी. पहिली तीन बाद केल्यावर सगळा भार मण्यावर येतो.

बरं, पाटी मूर्खपणाची नव्हती, हे जास्त त्रासाचं. बंद खोलीत पंधरा मुलं, त्यांत लस घ्यायला आलेली दीड महिन्याची बाळं, आणि एकाच्या खोकल्याची हवा सगळ्यांनी वाटून घ्यायची. हे टाळायला हवंच होतं. फक्त ते टाळताना आजारी मुलाने नेमकं कुठे जायचं, ते त्या कागदावर नव्हतं. खाली एक फोन नंबर तेवढा होता.

त्या दिवसांतलं फोनचं शास्त्र वेगळं. वेळ नऊची असेल तर बरोबर नऊला फोन लावणारा माणूस नवखा समजावा. आठ एकोणसाठला लावला तर कुणी उचलत नाही, नऊ वाजून दहा सेकंदांनी लावला तर व्यस्त लागतो. मधल्या फटीत जे शिरतात ते बहुधा आदल्या रात्रीपासून तिथेच राहत असावेत. लागलाच, तर आधी यंत्र बोलतं. लहान मुलांसाठी तीन दाबा, तापासाठी एक दाबा, आणि मग हात कसे धुवावेत याची लांबलचक सूचना. आपण तर आधीच हात धुऊन त्या फोनच्या मागे लागलेले असतो. नंतर वाद्यसंगीत आणि ‘आपण रांगेत चौदावे आहात.’ इथे एकच पथ्य पाळायचं : फोन ठेवायचा नाही. वैतागून ठेवला आणि पुन्हा लावला की चौदाव्याचे एकोणतिसावे होतो. स्पीकर चालू करायचा, फोन चार्जरला लावायचा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवायचा. अंगात १०२ ताप असला तरी लाल बटण ओळखण्याची मुलाची शक्ती शाबूत असते.

दरम्यान घरातल्या दुसऱ्या माणसाने दवाखान्याची वेळ घ्यायचं ॲप उघडायचं. म्हणजे तसं उघडायचं असतं. प्रत्यक्षात ओटीपी त्याच फोनवर येतो जो उंचावर चार्जरला लटकलेला असतो. म्हणून नोंदणी दुसऱ्याच्या नंबरवर करावी, आणि मूल धडधाकट असताना करून ठेवावी. फॉर्म भरणं हे स्वतंत्र दुखणं आहे. जन्मतारखेचं कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं आणि एकेक महिना मागे सरकतं. चार वर्षांच्या मुलासाठी बाण अठ्ठेचाळीस वेळा दाबावा लागतो. वर साल दिसतं, त्यावर बोट ठेवलं की बहुतेक ठिकाणी थेट साल निवडता येतं, हे पंचेचाळिसाव्या वेळी लक्षात येतं. मग ‘रुग्णाचा व्यवसाय’, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोकरी, धंदा, निवृत्त, इतर. दोन वर्षांच्या माणसाचा दिनक्रम पाहता ‘निवृत्त’ काही खोटं नाही.

शेवटी तो प्रश्न : ‘गेल्या १४ दिवसांत ताप, खोकला, घसादुखी?’ ‘हो’ म्हटलं की आतापर्यंत हिरव्या दिसणाऱ्या सगळ्या वेळा राखाडी होतात. ‘नाही’ म्हटलं की ॲप नम्रपणे विचारतं, ‘मग भेटीचं कारण?’

इथे भल्याभल्यांना मणी आठवतो. माझं म्हणणं, खोटं बोलू नये. त्यात नीतीचा भाग आहेच, पण दारात एक माणूस थर्मामीटर घेऊन उभा असतो हा भाग मोठा. तापाच्या मुलांना बघायची वेळ त्या दिवसांत बहुतेक दवाखान्यांत असे. ती सत्राच्या शेवटी असे, दार वेगळं असे आणि ॲपवर ती दिसत नसे. ती फक्त फोनवरच्या ताईंना ठाऊक असे. तेव्हा त्यांना ‘अपॉइंटमेंट मिळेल का’ असं विचारूच नये. त्याचं उत्तर ‘नाही’ हे पाठ असतं. ‘तापाच्या मुलांना कधी बघता?’ असं विचारावं. याचं उत्तर वेळ सांगूनच द्यावं लागतं.

पण ताईही तयारीच्या असतात. चौदाव्याचा पहिला नंबर लागतो आणि तोंडी परीक्षा सुरू होते.

‘ताप किती आहे?’

‘खूप आहे हो.’

‘किती?’

‘हात लावला तर चटका बसतोय.’

‘वजन?’

‘मागच्या वेळी तुमच्याकडेच केलं होतं.’

‘शू कधी केली शेवटची?’

‘कुणी?’

नापास. ताईंचं चुकत नाही. समोर मूल नसताना कुणाला आज बोलवायचं, कुणाला उद्या आणि कुणाला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये पाठवायचं, हे त्यांना पाच-सहा आकड्यांवरून ठरवायचं असतं. ते आकडे नऊच्या आत कागदावर हवेत : वय, वजन, ताप कधीपासून, जास्तीत जास्त किती, शेवटचं औषध किती वाजता आणि किती मिली, शू कधी, पोटात काय गेलं. बाकी ‘तसा तो खेळकर आहे हो, पण काल संध्याकाळपासून जरा...’ हे डॉक्टरांसाठी राखून ठेवावं. त्यांनाही ते नको असतं, पण ते ऐकून घेतात.

वजन सगळ्यांत महत्त्वाचं, कारण औषध वयावर नाही, वजनावर चालतं. काट्यावर आधी मुलाला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. यात आपलंही वजन कळतं, त्याला इलाज नाही. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत; दोन डोसांत किमान चार तास, आणि चोवीस तासांत चारच्या वर नाही. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता खरी मेख बाटलीत. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिल्याचे साडेसात मिली होतात, दुसऱ्याचे साडेतीनच्या आसपास. रंग तोच, वास तोच, झाकण तेच. ‘मागच्या वेळी दीड चमचा दिलं होतं’ म्हणून नव्या बाटलीतून दीड चमचा दिलं की डोस दुप्पट. तेव्हा बाटलीवरचा बारीक मजकूर वाचावा आणि औषध मापाच्या टोपणाने किंवा सिरिंजने द्यावं. घरातले चमचे घराण्याप्रमाणे लहानमोठे असतात. आणि ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने अजिबात नाही.

थर्मामीटरची एक वेगळीच कथा. कपाळावर रोखायची ती बंदूक महासाथीत घरोघरी आली आणि तिने घरोघरी भांडणं लावली. एकदा ९६.८, लगेच १००.९, भिंतीवर रोखली तर ९१. बिचारी घाम, पंख्याचा वारा, अंतर, कपाळावरचे केस, सगळ्यांमुळे गोंधळते. शिवाय तिच्यात ‘शरीर’ आणि ‘पृष्ठभाग’ अशा दोन अवस्था असतात. हाताळताना बटण दाबलं गेलं की ती मुलाला माणूस न समजता टेबल समजते आणि त्या हिशेबाने आकडा सांगते. भरवशाचा जुना मार्ग काखेतला. काख पुसायची, टोक खोल मधोमध बसवायचं, हात छातीशी घट्ट धरायचा आणि बीप होईपर्यंत गोष्ट सांगायची. गोष्ट लहान हवी, पण बीपपेक्षा मोठी. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअसने कमी येतो. तो तसाच सांगावा आणि ‘काखेत’ असं म्हणावं, मनाने भर घालू नये. जर्मनीत वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांची तापमानं नोंदवून १८६८ मध्ये ३७ अंश हा आकडा रूढ केला, तेही काखेतच मोजून. त्या काळचे थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होते आणि वीसेक मिनिटं धरावे लागत. वीस मिनिटांची गोष्ट सांगणारे आईबाप त्या काळी होते, असं समजायचं.

ऑक्सिमीटर हा त्याचा धाकटा भाऊ. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. एप्रिल २०२० मध्ये, ते यंत्र घराघरांत शिरत असतानाच ते गेले. मोठ्यांच्या मापाच्या चिमट्यात लहान बोट हरवतं आणि उजेड बाजूने निसटतो. तेव्हा हाताचा किंवा पायाचा अंगठा घालावा, आधी गार हात-पाय चोळून गरम करावेत, नेलपॉलिश काढावं आणि आकडा स्थिर होईपर्यंत मूल झोपलेलं असलेलं बरं. दोन आकड्यांतला कुठला कुठला, हेही नीट पाहावं. ‘ऑक्सिजन १२८ आहे!’ असं आनंदाने कळवणारे होते. ती नाडी असते, आणि तापातल्या तान्ह्या-रांगत्या मुलाची ती तेवढी असणारच.

यंत्रांपेक्षा मला श्वास मोजणं जास्त पटतं. मूल शांत असताना अंगातलं वर करायचं, पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद चाललाय. हे वाक्य फोनवर म्हटलं की ताईंचा आवाज बदलतो.

आणि काही गोष्टींना अपॉइंटमेंट नसतेच. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा वर, फासळ्यांखाली खळगा पडणारा श्वास, निळसर ओठ, झटका, हाक मारून, हलवूनही नीट जाग न येणं, आठ तास शू नाही आणि रडताना डोळ्यांत पाणी नाही, काचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे लाल-जांभळे डाग. यांत रांगेत चौदावं असण्याची गरज नाही. फोन त्या वाद्यसंगीतासकट तिथेच सोडायचा आणि थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं, मग दारावर काहीही लिहिलेलं असो.

बाकीच्यांना बहुधा व्हिडिओ कॉल मिळतो. त्याचा एक अनुभवसिद्ध नियम : डॉक्टर पडद्यावर दिसले की मूल बरं होतं. रात्रभर कण्हणारं मूल उठून बसतं, डॉक्टरांना खेळण्यातली गाडी दाखवतं आणि खोकत तर मुळीच नाही. म्हणून पुरावा आधी गोळा करावा. खोकल्याचा आणि उघड्या छातीचा मिनिटभराचा व्हिडिओ रात्रीच काढून ठेवावा. पुरळाचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, एक जवळून आणि एक लांबून काढावेत. शेजारी नाणं धरलं तर आकार कळतो. चॅटवर फोटो चेपले जातात, ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर डाग डागांसारखे दिसतात. नाहीतर डॉक्टर विचारतात, ‘हे पुरळ आहे की सोफ्याचं डिझाइन?’

‘प्रत्यक्ष बघावं लागेल’ असं डॉक्टर म्हणाले की लढाई जिंकली. एक मूल, एक पालक. दुसऱ्याने बाहेर थांबायचं आणि आतल्याने विसरलेली फाइल घेऊन पळायचं. दारातला माणूस दोन वर्षांच्या मुलाला मास्क कुठे म्हणून विचारतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं, पण तो माणूस त्या बैठकीला नव्हता. वाद घालण्यापेक्षा मास्क मुलाच्या हातात द्यावा. ‘आणलाय’ एवढ्यावर बहुधा भागतं.

आत चार मिनिटं. घसा, कान, छाती, पोट. ‘व्हायरल आहे. दोन-तीन दिवस ताप येईल-जाईल. पाणी भरपूर द्या, अँटिबायोटिक नको.’ इतक्या खटपटीनंतर नुसतं पाणी मिळालं म्हणून तोंड पाडू नये. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि छातीला स्टेथोस्कोप लागला हेच मिळवायचं होतं. ‘काही वाटलं तर फोन करा’ असं म्हणून डॉक्टर कागद देतात. कागदाच्या तळाशी तोच नंबर, वेळ सकाळी नऊ.

बाहेर पडताना दाराशी मण्यावाला भेटतो. ताप नाही, खोकला नाही, पहिल्या फोनला अपॉइंटमेंट, थेट पुढच्या दाराने आत. कपाळावर बंदूक रोखली जाते, आकडा उत्तम येतो, आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक येते. मणी उडून पायरीवर पडतो. थर्मामीटरवाला हात आडवा करतो : ‘शिंकतोय? मग नाही आत जाता येणार.’