डीजे माईकवर बोलला नाही म्हणून दोन स्टार: आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमच्या भावाच्या हळदीला आमचा सेटअप होता. तुम्ही लिहिलंय की आवाज चांगला होता, गाणीही बरी होती. पण डीजे रात्रभर मान खाली घालून उभा राहिला, एकदाही हात वर केला नाही, माईकवरून पब्लिकला चढवलं नाही, असं तर पेनड्राईव्ह लावून आम्हीही वाजवलं असतं, तेव्हा अर्धे पैसे परत करा. पैशांचं आधी सांगतो. ते परत करणार नाही. तुम्ही ज्याला कमतरता म्हणताय ते आम्ही ठरवून करतो, आणि त्या रात्री ते फार चांगलं झालं. मी मांडवातच होतो.

मान खाली घालून तो काय करत होता ते सांगतो, कारण ते लांबून दिसत नाही. आपली जुनी कोळीगीतं, हळदीची गाणी ही हाताने ढोलकी वाजवून रेकॉर्ड झालेली. त्यांची लय पहिल्या कडव्यात एक असते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कळत-नकळत चढलेली असते. कन्सोलवरचं सिंकचं बटण, जे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवतं, ते अशा गाण्यांवर बऱ्याचदा फसतं. एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकायचं, दुसऱ्या कानाने मांडवातलं चालू गाणं ऐकायचं आणि जॉग व्हीलवर, म्हणजे कन्सोलवरच्या गोल चकतीवर, बोटं ठेवून दोन्ही लयी हाताने जुळवत राहायचं, हाच भरवशाचा उपाय. त्यात कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा आणि पोरांना हवे असलेले रिमिक्स चार मात्रांचे. सहावरून चारावर नेताना नाचणाऱ्याचा पाय अडखळला की संपलं, बाया हसत हसत बाजूला होतात आणि खुर्चीत बसलेली बाई परत उठत नाही. त्या रात्री अशी जागा किती वेळा आली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. पेनड्राईव्हने हे होत नाही, दादा.

आणि मान तो वर करत होता. फक्त तुमच्या मोबाईलकडे बघायला नाही. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिली गोष्ट मी शिकवतो ती ही, की पाय बघ. चेहरे फसवतात, लग्नात सगळेच हसत असतात. पाय जमिनीवर घासायला लागले, कडेची माणसं पाण्याकडे वळली, रिंगण फुटून दोन-दोन जण वेगळे नाचायला लागले, की हे गाणं आवरतं घ्यायचं. पब्लिकशी बोलणं म्हणतात ते हेच. त्यांनी पायांनी सांगायचं, आपण पुढच्या गाण्याने उत्तर द्यायचं.

एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. हळद लावायला सुरुवात झाली तेव्हा धवलारीण आजींनी बसल्या जागी धवला, म्हणजे आपलं लग्नविधीचं पारंपरिक गाणं, म्हणायला घेतला. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा, हातात माईक नाही, आणि स्पीकरवर जोरात गाणं चालू. आमच्या पोराने ते पाहिलं, गाणं मध्येच न तोडता हळूहळू उतरवलं, शून्यावर आणलं, आणि हेल्परच्या हाती वायरलेस माईक त्यांच्यापर्यंत पोचवला. धवला पुरा होईपर्यंत त्याने गाण्याचा आवाज चढवणाऱ्या फेडरला हात लावला नाही. तुमच्या घरातल्या सगळ्या बाया त्यांच्यामागे म्हणायला लागल्या होत्या. एखादा डीजे त्याच वेळी 'आवाज कुठाय' म्हणून ओरडला असता तर? मी असे मांडव पाहिलेत. तिथे आजी गप्प बसतात, आणि पुढच्या पिढीला तो धवला पाठ होत नाही. मला याचं फार वाटतं. आपल्या आगरी-कोळी लग्नातली ही बाई मंत्र म्हणणाऱ्या भटजीइतक्याच मानाची आहे, तिच्या वेळेला यंत्राने तोंड बंद ठेवलंच पाहिजे.

आता हात वर करण्याचं. हळदीच्या मांडवात माणसांची तोंडं कुणीकडे असावीत? नवऱ्याकडे आणि एकमेकांकडे. डीजे 'इकडे बघा, हात वर' म्हणाला की सगळा मांडव कन्सोलकडे तोंड करून उभा राहतो, नवऱ्याकडे पाठ होते, आणि रिंगण मोडतं. मग व्हिडीओ छान निघतो, डीजेचा. तुमच्या भावाच्या हळदीच्या व्हिडीओत तुमची आत्या आणि वहिनी समोरासमोर नाचताना दिसतात. मला तोच व्हिडीओ बरोबर वाटतो.

मोठ्या फेस्टिव्हलमध्ये डीजे टेबलावर चढतात, पब्लिकवर केक फेकतात, हे तुम्ही पाहिलंय आणि तशी अपेक्षा ठेवलीत, हे मी समजू शकतो. तिथलं गणित वेगळं आहे. तिकीट काढून आलेली माणसं त्याच एका कलाकाराला बघायला आलेली असतात. शिवाय अशा बऱ्याच शोमध्ये दिवे, पडद्यावरची चित्रं, आगीचे फवारे गाण्यांना आधीच बांधलेले असतात, त्यामुळे गाण्यांचा क्रम ठरलेला असतो आणि हात मोकळे राहतात. कॅनडाच्या डेडमाऊस या नावाजलेल्या डीजेने २०१२ साली हे उघड लिहिलं होतं, की आम्ही सगळे प्लेचं बटणच दाबतो. तेव्हा त्याच्यावर बरेच डीजे चिडले, पण आपल्या शोबद्दल तरी तो खरं बोलला. म्हणजे ज्याला तुम्ही पेनड्राईव्ह म्हणताय, त्याच्या जास्त जवळ हात हलवणारा माणूस असू शकतो.

माईकवर बोलणं वाईट असं माझं म्हणणं नाही. ते वेगळ्या माणसाचं काम आहे. जमैकाच्या साऊंड सिस्टीमवर रेकॉर्ड लावणारा एक आणि माईकवर बोलणारा दुसरा, अशीच रीत होती. जमैकातूनच न्यूयॉर्कला गेलेल्या कूल हर्क या डीजेने ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये बहिणीची पार्टी वाजवली, जिच्यापासून हिप-हॉपची सुरुवात धरतात. त्याच्या पार्ट्यांतही माईक कोक ला रॉक या त्याच्या मित्राकडे असायचा, आणि तो जमलेल्या दोस्तांची नावं पुकारायचा. हर्कचं लक्ष रेकॉर्डवर. आपल्याकडे कीर्तनातसुद्धा बुवा बोलतात, मृदंगमणी बोलत नाहीत, म्हणून कुणी त्यांची बिदागी अर्धी करत नाही.

वेळेचाही भाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद. तुमची हळद उशिरा सुरू झाली, त्यामुळे नाचायला जो वेळ उरला तो पुरा नाचायलाच मिळावा म्हणून त्याने शेवटची गाणी मोजून बसवली होती. म्हणूनच दहाच्या आत मांडव वरच्या टिपेला असताना थांबला, मध्येच वायर ओढून नाही.

डीजेने लपून बसावं असंही मला वाटत नाही. एलईडी भिंतीच्या मागे, उंच स्टेजवर बसवा म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. आमचं टेबल जमिनीवरच असतं, माणसांच्या बरोबरीने, म्हणजे कुणालाही येऊन फर्माईश सांगता येते. तुमचे लहान पुतणे चार-पाचदा आले, त्यांची गाणी लागली. तुमच्या मामांनी सांगितलेलं गाणंही लागलं, जरा उशिरा, कारण त्या वेळी बाया रिंगणात होत्या आणि ते रिंगण त्याला मोडायचं नव्हतं.

पुढच्या कार्यात बोलणारा माणूस हवा असेल तर बुकिंगच्या वेळी निवेदक सांगा. आमच्या ओळखीचे दोघे आहेत, एक आगरीत फार छान बोलतो. त्याचा खर्च वेगळा धरावा लागेल, त्याचा माईक वेगळा असेल आणि तो स्पीकरच्या मागे उभा राहील, नाहीतर माईक शिट्टी मारतो. कुणाकुणाची नावं पुकारायची ती यादी आदल्या दिवशी द्या, मानपानाच्या क्रमाने, म्हणजे कुणी रुसणार नाही. धवल्याच्या वेळी मात्र तोही गप्प राहील, हे आधीच सांगून ठेवतो.