गोल जिना आणि उजव्या हाताची तलवार: त्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि आत्याने खाली विचारलं, तू तिकडे कॅसल बघून आलायस ना, खरंय का रे हे? तिला दोन ओळीत उत्तर देऊन भागेना म्हणून सगळंच लिहितो.

फॉरवर्डमधे थोडक्यात असं आहे की युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्यांचे गोल जिने मुद्दाम घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर चढवलेत, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूच्या उजव्या हाताला मधला खांब आडवा येतो आणि वरून लढणाऱ्याला तलवार फिरवायला मोकळी जागा मिळते. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, कारण शत्रू अडखळावा. वरून उकळतं तेल ओतायचे. आणि आत हजारोंची फौज असायची.

आधी जिना. बरेचसे जिने उजवीकडे वळत चढतात हे खरंय, पण उलटे जिनेही भरपूर आहेत, वेल्समधल्या कारनार्व्हनसारख्या राजाने पाण्यासारखा पैसा ओतून बांधलेल्या किल्ल्यातसुद्धा आहेत. आणि चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यातले जिनेही बरेचदा उजवीकडेच वळतात, तिथे कोण तलवार घेऊन चढणार होतं? ही तलवारीची थिअरी लोकांच्या तोंडी बसली ती १९०२ मधे थिओडोर कुक नावाच्या लेखकाने मांडल्यापासून, आणि हा माणूस स्वतः तलवारबाजीचा शौकीन होता. म्हणजे किल्ले बांधून झाल्यावर सहा-सातशे वर्षांनी. शिवाय साधा विचार करा, शत्रू शिडी लावून तटावर आला तर तो जिन्याने वरून खाली उतरणार, मग तीच मोकळी जागा त्याला मिळणार ना?

आणि शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे किल्ला जवळपास गेलेलाच असतो. लढाई व्हायची ती तटावर, दारात आणि भिंतींच्या पायाखाली. यासाठी लंडनजवळचं रॉचेस्टर बघा. १२१५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या किंग जॉनने तिथे बंडखोर सरदारांना वेढा घातला, दगड फेकणारी यंत्रं लावली तरी बालेकिल्ला हलेना, मग त्याच्या माणसांनी कोपऱ्यातल्या बुरुजाखाली भुयार खणलं, वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला, आणि राजाने हुकूम पाठवला की खायला फारशी चांगली नाहीत अशी ४० लठ्ठ डुकरं रात्रंदिवस घाई करून पाठवा. त्या चरबीने टेकू पेटवले आणि अख्खा कोपरा खाली आला. तरीही आतले लोक हरले नाहीत, बालेकिल्ल्याच्या बरोबर मधोमध एक जाड भिंत आहे तिच्या पलीकडच्या अर्ध्या भागात जाऊन लढत राहिले, घोडे मारून खाल्ले, आणि ३० नोव्हेंबरला उपासमारीने शरण आले. त्यांना जिन्याने नाही, त्या आडव्या भिंतीने वाचवलं.

मी तिथे गेलो तेव्हा बाहेरून आधी एक फेरी मारली. तीन कोपरे चौकोनी आणि एकच गोल, कारण पडलेला कोपरा पुढच्या राजाच्या काळात गोल बांधला. मी बराच वेळ त्या गोल कोपऱ्याखाली नुसता उभा होतो, आठशे वर्षांपूर्वीची जखम आणि तिच्यावरची मलमपट्टी समोर दगडात दिसते, याहून जास्त काय पाहिजे.

पायऱ्यांचं लवकर आटपतं. शेकडो वर्षं पाय पडून दगड झिजतात, मग कुणीतरी दुरुस्ती करतं, मग परत झिजतात. आणि जिन्यावर रोज पडणारे पाय हे किल्ल्यातल्याच लोकांचे, पाणी-लाकडं घेऊन चढणाऱ्या नोकरांचे. त्यांनाच पाडायला कोण पायरी बांधेल?

तेल महाग होतं, खायला आणि दिव्याला लागायचं. ओतायचंच तर गरम पाणी, चुना, तापलेली वाळू, आणि सगळ्यात सोपे म्हणजे दगड. दरवाजाच्या छतातली भोकं खरीच आहेत, कारनार्व्हनच्या किंग्ज गेटमधे मान वर करून बघा. त्या एका वाटेवर पाच दारं आणि वरून सोडायच्या सहा जाळ्या असा बेत होता. आपल्याकडे रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड लपवलाय ना, तसा इथेही सगळा जीव दारात ओतलाय.

आता हजारोंची फौज. १२८४ मधे वेल्समधल्याच कॉन्वीच्या किल्ल्यासाठी ठरलेली शिबंदी होती ३० माणसांची. त्यातले १५ तिरंदाज, शिवाय एक पाद्री, एक सुतार, एक लोहार अशी मंडळी. दार बंद असेल तर एवढी पुरायची, कारनार्व्हन १४०३-०४ मधे साधारण तेवढ्याच लोकांनी वेल्श बंडखोर ओवेन ग्लिन्डूरच्या वेढ्यात टिकवलं. आणि दार उघडलं की संपलं. १४०१ च्या गुड फ्रायडेला कॉन्वीची शिबंदी गावातल्या चर्चमधे प्रार्थनेला गेली होती आणि त्याच बंडातल्या ट्यूडर भावांची माणसं सुतार म्हणून आत शिरली, किल्ला घेतला. कोंडाजी फर्जंदाने ६० मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला ती गोष्ट ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना हे लगेच कळेल.

आत्या, तू उन्हाळ्यात येशील तेव्हा आपण रॉचेस्टरलाच जाऊ, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचतो आणि स्टेशनपासून चालत किल्ला. गुडघे दुखत असतील तर जिना चढू नकोस, तो गोल कोपरा खालूनच दिसतो.