भीती बोटाची, फट भलतीकडे: फिंगरप्रिंट लॉकवरच्या मेसेजला उत्तर

‘घराला फिंगरप्रिंट लॉक बसवलं असेल तर आजच काढून टाका’ असं सांगणारा एक लांबलचक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्यातली कारणं थोडक्यात अशी. पेल्यावरचा ठसा सेलोटेपनं उचलून चोर मिनिटभरात दार उघडतात. बॅटरी संपली की तुम्ही बाहेर अडकता आणि आग लागली तर आत कोंडले जाता. तुमचे ठसे कंपनीकडे जमा होतात. चोर बोट कापून नेतात. म्हाताऱ्यांची आणि मुलांची बोटं यंत्र ओळखत नाही. अनोळखी माणसाचं बोट मात्र चुकून जुळतं. हातात मावणाऱ्या काळ्या डबीनं ही कुलपं उघडतात. आणि शेवटी सल्ला: किल्लीचं जुनं कुलूपच शंभर टक्के सुरक्षित.

दारांना कुलपं बसवणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा मेसेज वाचून धास्तावलेल्या लोकांचे फोन मला येतात. मेसेजमधलं जे खरं आहे ते खरंच म्हणून सांगतो. पण एकूण प्रकार साप साप म्हणून भुई धोपटण्याचा आहे. सगळी भीती बोटाभोवती गोळा केली आहे. कुलूप ज्या वाटांनी सहज हरतं, त्यांचा उल्लेखही नाही.

आधी सेलोटेप. खोटा ठसा बनवून सेन्सर फसवता येतो, यात शंका नाही. जपानच्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतले त्सुतोमू मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जिलेटीनची बोटं बनवून तेव्हाची ११ यंत्रं फसवून दाखवली होती. २०१३ मध्ये ठसा ओळखणारा आयफोन बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेनं तोही उघडून दाखवला. पण त्यांनी काय केलं ते नीट वाचा. काचेवरच्या स्पष्ट ठशाचा २४०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला २४०० ठिपके इतका बारीक फोटो घेतला, तो कॉम्प्युटरवर साफ करून उलटा केला, पारदर्शक कागदावर जाड टोनरनं छापला, त्यावर लॅटेक्स किंवा लाकूड चिकटवायचा गोंद पसरून वाळवला आणि ती पातळ साल बोटावर चढवून सेन्सरला लावली. एवढ्या खटपटीला हवा तो ठसा, योग्य त्या बोटाचा, न फिसकटलेला. रोज वापरातल्या वस्तूंवर बहुतेक ठसे अर्धवट आणि एकावर एक पडलेले असतात.

नुसता सेलोटेप का चालत नाही, हेही सांगायला हवं. हल्लीच्या बऱ्याच लॉकमध्ये कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. बोटाच्या कातडीवरच्या उंच रेषा त्याला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत आणि या दोन्हींतला विजेचा सूक्ष्म फरक तो मोजतो. टेपवर उमटलेल्या तेलकट डागाला ना उंची असते ना कातडीसारखी वीजवाहकता. स्वस्त ऑप्टिकल सेन्सर मात्र प्रकाशाच्या प्रतिमेवर चालतो आणि त्याला फसवणं तुलनेनं सोपं असतं. म्हणून खरेदीच्या वेळी सेन्सर कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न विचाराच. उत्तर टाळलं तर ते लॉक सोडून द्या.

दोन अनोळखी बोटं चुकून जुळण्याची भीतीही मेसेजनं घातली आहे. त्या आयफोनच्या बाबतीत कंपनीनं दिलेला आकडा नोंदवलेल्या एका बोटामागे ५०,००० त एक असा आहे. चार आकडी पिनच्या शक्यता सगळ्या मिळून १०,०००. दाराच्या प्रत्येक लॉकचा सेन्सर त्या तोडीचा नसतो, आणि जितकी जास्त बोटं नोंदवाल तितकी चूक होण्याची शक्यता वाढते. तरीही ज्याच्या लॉकचा पिन १२३४ किंवा जन्मसाल आहे, त्यानं बोटाची काळजी करत बसू नये.

बॅटरीचा मुद्दा लोकांना सर्वात जास्त घाबरवतो, आणि त्याचं उत्तर सर्वात सोपं आहे. घरगुती लॉक बहुधा साध्या पेन्सिल सेलवर चालतं. घरची वीज गेल्यानं त्याला काही फरक पडत नाही. सेल उतरू लागले की ते आवाज करून किंवा दिवा लावून बरेच दिवस आधी सांगू लागतं. दुर्लक्ष करून सेल पुरते संपलेच, तर बाहेरच्या पट्टीच्या खालच्या कडेला हात लावून बघा. बऱ्याच लॉकना तिथं दोन बारीक धातूचे ठिपके असतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी त्यांना टेकवली की पॅनल जागं होतं. ती तशीच दाबून धरायची, दुसऱ्या हातानं बोट लावायचं, दार उघडतं. नव्या लॉकना ठिपक्यांऐवजी यूएसबीचं छिद्र असतं, तिथं पॉवर बँक चालते. एवढंच बघा की ती ९ व्होल्टची बॅटरी घराच्या आत ठेवून काही उपयोग नाही. ती शेजाऱ्यांकडे, गाडीत किंवा ऑफिसच्या पिशवीत हवी.

सेल कोणते घालता यावरही बरंच अवलंबून आहे. अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो, त्यामुळे लॉकला इशारा द्यायला सवड मिळते. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे. त्यांचा दाब शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून इशारा उशिरा येतो. लॉक अचानक बंद पडल्याची तक्रार आली की मी आधी झाकण उघडून सेल बघतो. नवे-जुने सेल एकत्र घातलेले असतात, नाहीतर गळून पांढरी भुकटी झालेली असते.

आता आगीचं. ही गोष्ट मला मनापासून लागते, कारण चुकीच्या भीतीपायी लोक खरोखरचा धोका दाराला लावून बसतात. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर लोहचुंबकाचं लॉक असतं. ते विजेवर धरून ठेवतं आणि वीज गेली की सुटतं. घराच्या फिंगरप्रिंट लॉकची रचना निराळी असते. बाहेरचं हँडल मोकळं फिरतं. बोट जुळलं की आतली छोटी मोटर क्लच जोडते आणि मगच ते हँडल बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा धातूचा दांडा, ओढतं. आतलं हँडल मात्र बहुतेक लॉकमध्ये थेट बोल्टला जोडलेलं असतं. त्याला ना सेल लागतात, ना बोट, ना किल्ली. हे तोंडी मान्य करू नका, करून बघा. दार उघडं ठेवून सेल काढा, बोल्ट बाहेर येऊ द्या आणि आतलं हँडल दाबा. बोल्ट आत गेला पाहिजे. पूर्ण स्वयंचलित लॉकमध्ये आतून बटण असतं आणि तेही मोटरवरच चालतं. अशा लॉकला हातानं फिरवायची आणीबाणीची मूठ आहे का, ती कुठं आहे आणि घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का, एवढं बघायलाच हवं. ती नसेल तर ते लॉक घेऊ नये, या एका बाबतीत मी मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे.

पण आगीत माणसं अडकवणारी रचना म्हणजे आतूनही किल्लीच लागणारं कुलूप, आणि सुरक्षेच्या जाळीला लावलेलं ते साधं कुलूप ज्याची किल्ली धुरात सापडत नाही. मेसेज ज्याला सुरक्षित म्हणतो, ते हेच.

ठसे कंपनीकडे जातात, या भीतीला आधार आहे. अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती ठेवणाऱ्या कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. २०१९ मध्ये बायोस्टार २ या प्रवेश-व्यवस्थेतल्या दहा लाखांहून जास्त लोकांच्या ठशांची माहिती उघड्यावर असल्याचं संशोधकांना आढळलं. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही, हे म्हणणं बरोबरच आहे. पण दोन्ही ठिकाणी ठसे एका मोठ्या साठ्यात एकत्र ठेवलेले होते. इंटरनेटला न जोडलेलं घरचं लॉक कुठं काही पाठवूच शकत नाही. त्याच्या चिपमध्ये ठशाचा फोटो सहसा नसतो, रेषा कुठं संपते आणि कुठं फाटते याच्या खुणांची नोंद असते. त्या नोंदीवरून ठशाचा अंदाज बांधता येतो हे संशोधनात दिसलंय, म्हणून तिलाही जपायला हवं. वायफायवालं लॉक घेत असाल तर ठशाची नोंद लॉकबाहेर जाते की नाही, हे माहितीपत्रकात वाचा. आणि घर सोडताना लॉक मूळ स्थितीत आणल्याशिवाय निघू नका.

बोट कापण्याची घटना खरी आहे. मलेशियात २००५ मध्ये ठशावर चालू होणारी महागडी मोटार पळवताना चोरांनी मालकाचं बोट तोडलं होतं. त्यावरून घराच्या लॉकबद्दल निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. घराच्या लॉकला पिन असतो, कार्ड असतं, किल्ली असते. सुरा घेऊन दारात उभा असलेला माणूस यातलं काहीही मागेल आणि साधं कुलूप असेल तर किल्ली मागेल. काही लॉकमध्ये धोक्याच्या वेळचं वेगळं बोट नोंदवता येतं. ते लावलं की दार उघडतं आणि घरच्यांच्या मोबाइलवर गुपचूप इशारा जातो.

म्हाताऱ्यांच्या बोटांबद्दल मेसेज बराचसा बरोबर बोलतो, आणि दुर्दैवानं विक्रेते याच मुद्द्यावर गप्प बसतात. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, रेषा उथळ होतात. सिमेंट, चुना, विटा हाताळणाऱ्यांच्या रेषा झिजतात. कॅपेसिटाबिन नावाच्या कर्करोगाच्या औषधानं ठसे पुसट झाल्याची नोंद आहे. त्यामुळे सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवलं होतं. लहान मुलांचा ठसा जन्माआधीच ठरलेला असतो, पण बोट वाढतं तशा रेषा एकमेकींपासून दूर होत जातात, म्हणून त्यांची नोंद अधूनमधून नव्यानं करावी लागते.

यावर उपाय आहेत. आजींचं बोट नोंदवताना मी घाई करत नाही. हात धुऊन पुसून, कातडी किंचित ओलसर असताना, अंगठ्याचं टोक न टेकवता मधला मांसल भाग सपाट ठेवायला सांगतो. तोच अंगठा सरळ एकदा, थोडा तिरका एकदा, असा निरनिराळ्या नोंदींत घालतो, मग दुसऱ्या हाताचं एक बोट. सेन्सरवर साचलेला तेलकट थर मऊ कापडानं पुसला तरी निम्म्या तक्रारी थांबतात. तरीही ज्यांचं बोट लागतच नाही त्यांना पिन द्यावा, आणि दारात उभं राहून त्यांना तो स्वतः दाबून बघायला लावावा.

काळी डबीही खोटी नाही. चीनमधल्या योंगकांग इथल्या दारांच्या प्रदर्शनात २०१८ मध्ये छोट्या टेस्ला कॉइलनं, म्हणजे उच्च दाबाची वीज सोडणाऱ्या अशाच डबीनं, निरनिराळ्या कंपन्यांची लॉक उघडून दाखवली गेली. विजेच्या तीव्र झटक्यानं त्यांची चिप गोंधळून पुन्हा सुरू व्हायची आणि त्या गडबडीत दार सुटायचं. दोष त्या सर्किटचा होता. या झटक्याविरुद्ध लॉकची चाचणी झाली आहे का, हे विचारून घ्यावं.

आणि आता तो शंभर टक्क्यांचा दावा. किल्लीनं कुलपातले छोटे खिळे उचलायचे ही आजच्या बहुतेक कुलपांची रचना लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पेटंट केली. खास कापलेली किल्ली घालून वरून ठोकली की खिळे क्षणभर उडतात आणि कुलूप फिरतं. अशा किल्लीचं अमेरिकन पेटंट १९२० च्या दशकातलं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी तर साधारण ६० मीटरवरून काढलेल्या फोटोवरून किल्ली बनवून दाखवली. पेल्यावरच्या ठशाला घाबरणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा टेबलावर उघडा टाकून बसतो. हरवलेली किल्ली कोणाकडे आहे हे कधीच कळत नाही, तर लॉकमधलं जुनं बोट किंवा पिन दोन मिनिटांत पुसता येतो.

माझी खरी हरकत इथं आहे. बहुतेक फिंगरप्रिंट लॉकच्या झाकणाखाली तेच किल्लीचं छिद्र असतं, आणि किंमत वाचवायला तिथंच हलकं सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो भाग, घातलेलं असतं. सोबत मिळणारी कार्डंही पुष्कळदा अशी असतात की त्यांची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक या फार खपलेल्या कार्डाचं कोडिंग २००८ मध्येच मोडून दाखवलं गेलं. २०१८ मध्ये टॅपलॉक नावाचं ठशावर चालणारं एक सुटं कुलूप संशोधकांनी ब्लूटूथवरून दोन सेकंदांत उघडलं. बोटाला हातही लावावा लागला नाही. म्हणून मी कोणाकडे लॉक बसवलं की सेन्सरचं कौतुक ऐकत थांबत नाही. सिलिंडर चांगल्या दर्जाचं घालायला सांगतो. न लागणारी कार्डं यादीतून काढून टाकतो. कारखान्यातून आलेला मुख्य पिन घरच्यांकडून बदलून घेतो. काम सोडून गेलेल्या माणसांची बोटं पुसायला लावतो.

मग चौकटीकडे वळतो. बोल्ट ज्या पट्टीत जाऊन बसतो ती पट्टी पुष्कळ घरांत बोटाच्या पेरापेक्षा आखूड स्क्रूनं नुसत्या चौकटीच्या कडेला धरलेली असते. एक जोराची लाथ बसली की लाकूड फाटतं आणि कितीही हुशार लॉक असलं तरी दार मोकळं होतं. तिथं तीन इंची स्क्रू थेट भिंतीपर्यंत घालावे लागतात. शिवाय दार ओढून घेतलं की पुष्कळ लॉकमध्ये फक्त तिरकं लॅच, म्हणजे स्प्रिंगवरचं छोटं टोक, अडकतं. जाड बोल्ट बाहेर यायला हँडल वर उचलावं लागतं किंवा आपोआप लॉक होण्याची सोय चालू करावी लागते. दार लावल्यावर कडेच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारून बघा, बोल्ट पूर्ण आत गेलेला दिसायला हवा.