घाबरणं समजू शकते, पण…

हुकूमशाहीत शिकलीसवरलेली माणसं घाबरून गप्प बसतात असं आपण सरसकट म्हणतो, मला ते पूर्ण पटत नाही. घाबरणं मी समजू शकते. म्हातारे आईबाप, पोरांची शाळा, महिन्याचा पगार, माणूस घाबरणारच. पण हुशार माणसाला 'मी घाबरलो' हे स्वतःशीसुद्धा कबूल करवत नाही, मग तो कारण शोधतो आणि डोकं तल्लख असल्यामुळे त्याला कारणही चांगलं भारदस्त सापडतं.

इटलीचं बघा. 1931 मध्ये मुसोलिनीने विद्यापीठातल्या प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्राध्यापक, नकार दिला जेमतेम डझनभरांनी! बाकीचे सगळे फॅसिस्ट होते का, मुळीच नाही. कम्युनिस्टांना पक्षाकडून निरोप आला की शपथ घ्या, आत राहून काम करता येईल. कॅथलिकांना पोपकडूनच वाट मिळाली, मनात वेगळा अर्थ धरून शपथ घ्यायची. तत्त्वज्ञ क्रोचेसारखा फॅसिझमचा उघड विरोधकसुद्धा सांगत होता की जागा सोडू नका. प्रत्येकाचं कारण वेगळं, सही मात्र तीच, आणि सरकारला सहीच हवी होती.

आपल्या गोव्यात वेगळं काय होतं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना, छापायचं ते सगळं सेन्सॉरकडून जायचं, लग्नपत्रिकासुद्धा. अशात माणूस आधी एखादा शब्द गाळतो, मग वाक्य, मग विषयच असा निवडतो की सेन्सॉरला काही कापावंच लागू नये. त्यातही ज्यांनी मुकाट्याने मराठी शाळा आणि वाचनालयं चालवली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. राग येतो तो 'इथे कशी शांतता आहे, लोक दारं उघडी टाकून झोपतात' असं पटवून देणाऱ्या सुशिक्षितांचा, कारण त्याच शांततेत गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना 1946 मध्ये पकडून, आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं होतं. 1954 मध्ये म्हापशाच्या एका मेजवानीत कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हणाल्यावर डॉ. पुंडलिक गायतोंडेंनी तिथल्या तिथे निषेध केला, तेवढ्यावरून त्यांनाही अटक करून पोर्तुगालला नेलं. बाकीचे पाहुणेही शिकलेलेच होते की.

ते दारं उघडी टाकून झोपायचं कौतुक मला आजही ऐकायला मिळतं, तेही वाचणाऱ्या माणसांकडून, म्हणून हे लिहिलं. कोणाच्या घरी सेन्सॉरची परवानगी छापलेला जुना अंक किंवा पत्रिका असेल तर प्लीज कमेंटमध्ये फोटो टाका, आजच्या पोरांना दाखवायचाय.